तांब्याखाली काय शोभतं

हार्डवेअरच्या दुकानावर माझं पार्लर.
खाली खिळे, कड्या, कोयंडे तोलून मिळतात,
वर भुवया.
कुडचड्यात या पत्त्याला कोणी हसत नाही.

आपोलिना आली दुपारी दोनला,
चारला पोराचं लग्न, इगर्जीत.
पर्समधून काढली चपटी डबी,
लेकीने स्विंडनहून धाडलेली :
चार खाचांत चार धातू,
आणि तांब्याला आधीच बोट लागलेलं.
"रात्री लावून बघितलं," म्हणाली,
"कायतान झोपल्यावर."

मी शिकलेय ते असं :
चांदीखाली थंड गुलाबी, निळसर झाक असलेला.
सोन्याला विटेचा लाल चालतो,
नारिंगीकडे झुकलात तर शेंदूर फासल्यासारखं दिसतं.
कांस्याला दालचिनी.
तांब्याला, वय बघून,
काहीतरी मऊ, ओठांच्याच जातीचं.
आणि हे सगळं ट्यूबलाइटखाली खोटं,
म्हणून गिऱ्हाइकाला मी गॅलरीत नेते,
रेघ ओढते ती मनगटावर नाही, बोटाच्या पेरावर;
पेराची कातडी ओठांना जवळची.

सगळ्यात वरचा नियम मडगावच्या क्लासात
बाईंनी फळ्यावर लिहिला होता, खाली दोन रेघा मारून :
डोळे बोलत असतील
तर ओठांनी गप्प बसावं.

ओल्या ब्रशने मी तांबं पापणीवर दाबलं.
घासायचं नसतं, दाबायचं.
पापणी सैल, घडीत चमक अडकत होती.
डोळे मिटूनच ती म्हणाली,
"हा रंग मला ठाऊक आहे.
खाण चालू होती तेव्हा रोज असायचा.
दारावरून ट्रकामागून ट्रक,
झाकलेल्या भातात,
वाळत घातलेल्या पोरांच्या गणवेशात,
पुसून पुसून पापणीवर.
चमकत नव्हता, इतकंच."
मग खाण बंद झाली.
अंगणात ट्रक उभा राहिला
आणि त्याच्या शेजारी कायतान.

मी तिच्या चार बोटांवर चार रेघा ओढल्या :
साय पडलेला चहा,
भिजवून सोललेला बदाम,
एक मातकट गुलाबी,
एक असा की लावलाय हे फक्त लावणारीला कळावं.
तिने उन्हात बोटं पसरली,
अंगठ्याने एकेक पुसत गेली.
"सगळे गप्प बसायचे रंग," म्हणाली.
"बारा वर्षं तेच करते गो मी."

खालच्या खणात एक पडून होती,
कंपनीने फुकट दिलेली, कोणी न मागितलेली.
पिकून झाडाखाली फुटलेल्या भिरंडाच्या सालीचा रंग,
जवळजवळ काळा, आणि काळा नाही.
तिने स्वतःच उचलली.
मी म्हटलं, मांय, वरही जड, खालीही जड,
फोटोत चेहरा राहणार नाही.
तिने ओठ पुढे केले.

एक हात लावला, कागदाने टिपला.
"आनी इल्लें," म्हणाली.
दुसरा लावला.
"आनी इल्लें."

गॅलरीत नेऊन आरसा धरला.
सुंदर दिसत होती का, मला सांगता येत नाही.
बाईंनी फळा पुसला असता
किंवा मला वर्गाबाहेर काढलं असतं.
समोरच्या छपरावर पत्रा ठोकणारा पोरगा
हातोडा वर धरून तसाच थांबला,
एवढं मी पाहिलं.

टिपलेला कागद तिने फेकू दिला नाही,
घडी करून डबीत ठेवला,
पैसे मोजले, दहाची एक नोट जास्त,
आणि जिना उतरताना साडी एका हाताने वर धरली.

पाच मिनिटांनी खालचे केंकरे वर आले,
हातात तराजूचं माप तसंच.
"कोण होती ती बाई?
ह्या गावची दिसली नाही."
मी ब्रश धूत होते,
पाणी तांबूस होऊन जात होतं.
म्हटलं, तुमचंच गिऱ्हाईक.
मागच्या महिन्यात ताडपत्री नेली ना,
ट्रकावर घालायला,
तीच.